वेदना : देहाची आणि मनाची

(कुरुंदा येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



संमेलनाच्या या व्यासपीठावरून शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवर-परिचय, लग्नांतील खर्चास आळा हे विषय आपण दरवर्षी ऐकतो, आणि ते ऐकणे अवश्यच आहे. या वर्षी कार्यकारी मंडळाने आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य शिक्षकी पेशात गेले. तेव्हा अमुक रोग व त्यावर तमुक औषध, असे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. म्हणून ज्यातून आपल्यापैकी एकही घर सुटलेले नाही, असा एक विषय आम्ही निवडला आहे. तो विषय म्हणजे दुखणे. रोग नव्हे, तर रोगाची, श्रमाची, दंशाची वेदना.

आपण ज्या गावी जमलो आहोत तो वसमत तालुका हळदीचा मुलूख होय. हळद काढणे, वेचणे, शिजवणे, वाळवणे ही सारी कामे कमरेवर आणि गुडघ्यांवर येऊन पडतात. उसाची तोडणी व मोळ्यांची चढउतार खांद्यांवर आणि पाठीवर पडते. त्यामुळे वेदना म्हणजे काय, हे येथील श्रोत्यांस शिकवण्याची गरज नाही. परंतु वेदना ही आहे तरी काय, ती कोठे उत्पन्न होते, कशाने वाढते, कशाने निवते, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

आमचे म्हणणे प्रारंभीच मांडून ठेवतो. वेदना केवळ देहाची नाही आणि केवळ मनाचीही नाही. ती दोहोंच्या संगमावर उपजते. ही साधी गोष्ट ध्यानी न आल्यामुळे आपल्या घरांत दोन प्रकारचे अनर्थ घडतात. कळ थांबली म्हणजे धोका टळला असे समजून माणूस हातचा जातो, हा पहिला. तपासणीत काही सापडले नाही म्हणजे दुखणेच खोटे, असे ठरवून जितेजागते माणूस एकटे पाडले जाते, हा दुसरा. या दोन अनर्थांतून आपली घरे कशी वाचवावीत, एवढाच आमच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या संस्कृत धातूपासून झाला. ‘वेद’ आणि ‘विद्या’ हे शब्द त्याच कुळातले. म्हणजे वेदना ही मुळात एक जाण आहे. जाणणारा असेल तरच ती आहे. आपले नित्याचे क्रियापद पाहा. पाय दुखतो आणि मन दुखते, ही दोन्ही वाक्ये आपण एकाच ‘दुखणे’ने बोलतो, आणि त्या ‘दुखणे’चे मूळ ‘दुःख’ या शब्दात आहे. देह आणि मन यांच्या मध्ये भिंत घालण्याचे काम आपल्या भाषेने कधी केलेच नाही.

शिवाय आमच्या मायभगिनींपाशी वेदनेच्या छटांचे केवढे भांडार आहे! दाढेला ठणका लागतो, गळू ठसठसते, पोटात कळ येते, कमरेत उसण भरते, पाठीतून चमक निघते, पोटऱ्यांत गोळे येतात, तळपायांची आग होते, बोटांना मुंग्या येतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली अशाच शब्दांची एक प्रश्नावली सिद्ध केली. वेदना किती आहे एवढेच न विचारता ती कशी आहे हे विचारावे, असा तिचा हेतू होता. आग आणि मुंग्या सांगणाऱ्या रोग्याचे मज्जातंतू डॉक्टर तपासतात. ठसठसणाऱ्या जागी ते सूज किंवा पू शोधतात. यास्तव दवाखान्यात गेल्यावर नुसते ‘दुखतंय’ म्हणून थांबू नये. आजीच्या तोंडचा नेमका शब्द डॉक्टरांच्या कानी घालावा. तो शब्द म्हणजे अर्धी तपासणी होय.

आता ही जाण देहात कशी घडते ते पाहू. सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याने वेदनेस घंटेच्या दोरीची उपमा दिली होती. खाली दोरी ओढावी आणि वर घंटा वाजावी, तद्वत् पायास चटका बसावा आणि मेंदूत वेदना वाजावी. जितका जोराचा ओढा, तितका मोठा नाद. ही उपमा इतकी सोपी आहे की आजही बहुतेक माणसे मनात तीच धरून असतात. पण अनुभव तिच्याशी जुळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाचे अमेरिकन डॉक्टर इटलीतील रणभूमीवर जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत होते. गंभीर जखमा झालेल्या सैनिकांना त्यांनी विचारले, वेदना थांबवण्याचे औषध हवे काय? सुमारे चारांतील तिघांनी नको म्हणून सांगितले. हे सैनिक बेशुद्ध नव्हते, त्यांची शरीरे बधिरही झाली नव्हती. बीचर यांनी आपली निरीक्षणे १९४६ साली प्रसिद्ध केली. त्यांचा तर्क असा की, त्या सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे रणभूमीवरून जिवंत सुटका होती. तीच जखम शांततेच्या काळात संसारी माणसास झाली तर ती संकटाची सुरुवात ठरते. जखम एक, अर्थ दोन. म्हणून वेदनाही दोन.

याच्या उलट बाजूस जखमेवाचून वेदना आहे. पुण्यात १९४४ सालापासून सैनिकांना कृत्रिम हातपाय बसवून देणारे लष्करी केंद्र आहे. अपघातात वा युद्धात पाय गमावलेल्या पुष्कळ माणसांना त्या नसलेल्या पायाच्या बोटांत आग होते, पोटरीत गोळे येतात, हा जगभरच्या डॉक्टरांचा अनुभव आहे. जो पाय नाही तो दुखतो कसा? कारण मेंदूतील देहाच्या नकाशात तो पाय अजून शाबूत असतो. तामिळनाडूत जन्मलेले शास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात अशा रोग्यांपुढे आरसा ठेवून, धडधाकट अवयवाचे प्रतिबिंब गेलेल्या अवयवाच्या जागी दिसेल अशी युक्ती केली, आणि काही रोग्यांची कळ त्या नुसत्या दर्शनाने हलकी झाली.

हे कोडे उलगडण्याचा मोठा प्रयत्न १९६५ साली झाला. वर उल्लेखिलेले मेलझॅक आणि त्यांचे सहकारी पॅट्रिक वॉल यांनी असे मांडले की, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. वेदनेचा निरोप घेऊन येणाऱ्या बारीक तंतूंना त्या फाटकातून जावे लागते. स्पर्शाचा निरोप आणणारे जाड तंतू जागे झाले की फाटक काहीसे लोटले जाते. वरून मेंदूही हुकूम पाठवतो. भय, चिंता आणि एकटेपणा यांनी फाटक उघडे राहते. धीर, विश्वास आणि दुसरीकडे गुंतलेले लक्ष यांनी ते मिटू लागते. या मांडणीच्या तपशिलात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, पण तिचे सार टिकले. लेकरू पडले की आई धाव घेऊन गुडघा चोळते, फुंकर घालते, ‘जमिनीला मारू हं’ म्हणते. चोळण्याने जाड तंतू जागतात आणि बोलण्याने मन वळते. शास्त्राला ज्याची उपपत्ती १९६५ साली सापडली, ते आईचा हात कधीपासून करीत आला आहे.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९७५ साली, मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये निर्माण करतो असे सिद्ध झाले. १९७८ साली अमेरिकेत दाढ काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग झाला. औषध म्हणून निव्वळ निर्गुण द्रव टोचला असता कित्येकांची कळ कमी झाली. परंतु अफूचा परिणाम मोडणारे औषध दिल्यावर ती पुन्हा वाढली. याचा अर्थ, विश्वासाने आलेला आराम हा भास नव्हता. विश्वासाने देहातील खरोखरीचे द्रव्य कामास लावले होते.

श्रोतेहो, एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, ‘मग मनच सारे काही आहे, मन खंबीर करा म्हणजे झाले.’ येथेच सावध व्हावयास हवे. त्यासाठी आपण सर्वांच्या परिचयाच्या एका प्राण्याकडे वळू. तो म्हणजे विंचू.

विंचवाची कळ ठाऊक नाही असे घर मराठवाड्यात विरळा. पैठणच्या एकनाथ महाराजांनी विंचवाचे भारूड रचले. त्यात विंचू म्हणजे कामक्रोध. हे रूपक घरोघर रुजले याचे कारण उघड आहे: ती कळ सर्वांनी भोगली वा पाहिली होती. आणि जेथे विंचू तेथे विंचू उतरवणारा. मंत्र टाकणारा, झाडा देणारा माणूस प्रत्येक पंचक्रोशीत असे, आणि आजही कोठे कोठे आहे. त्याच्या मंत्राने कळ उतरली असे सांगणारी माणसे खोटे बोलतात काय? आमच्या मते नाही. बहुसंख्य दंशांत विष थोडे असते. कळ कितीही तीव्र असली तरी काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात आपोआप ओसरते. त्यात मंत्र टाकणाऱ्याचा आश्वासक स्वर, त्याचा हात, भोवती जमलेली माणसे आणि ‘आता उतरेल’ हा विश्वास. वर सांगितलेले फाटक मिटण्यास आणखी काय हवे? मंत्राने कळ उतरते हे खोटे नव्हे. पण मंत्राने विष उतरत नाही, हे त्याहून खरे आहे.

हे सत्य ज्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून शोधले ते आपल्याच मराठवाड्याचे सुपुत्र. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यातला. १९७६ साली ते आजच्या रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. बावस्करांनी एकेका रोग्याजवळ बसून घामाची, नाडीची, रक्तदाबाची आणि श्वासाची नोंद ठेवली. त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधील विख्यात वैद्यकीय नियतकालिकाने छापली.

त्यांना दिसले ते असे. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमची द्वारे उघडी ठेवते. त्यामुळे तंतू थांबेनात असे होतात आणि देहात उत्तेजक द्रव्यांचे वादळ उठते. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, वांत्या होतात, हृदय थकते आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरते. रक्तदाबावर वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन नावाच्या औषधाने या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात, हे ओळखून त्यांनी ते या रोग्यांस देण्यास आरंभ केला. पूर्वी विष अंगात भिनलेल्या दहा रोग्यांतील तीन-चार दगावत. या उपचारानंतर ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. पुढे २०११ साली, प्राझोसिनला विंचवावरील प्रतिविषाची जोड दिल्यास रोगी अधिक लवकर सावरतो, हेही त्यांनी प्रयोगाने दाखवले. २०२२ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले.

परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या कार्यातील एक बारीकशी नोंद आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ज्यास दंशाच्या जागी असह्य कळ आहे पण घाम नाही, ओकारी नाही, हातपाय उबदार आहेत, तो रोगी बहुधा सुरक्षित असतो. उलट ज्याच्या अंगात विष भिनले आहे, त्याची दंशाची कळ पुष्कळदा त्या मानाने थोडीच असते. म्हणजे ओरडणारा वाचतो आणि शांत पडलेला जातो! मंत्र टाकणारा म्हणतो, ‘कळ उतरली, आता निजू द्या.’ घरचे निश्चिंत होतात. आणि त्याच वेळी पोराचे हात गार पडत असतात. वेदनेचे माप हे धोक्याचे माप नव्हे, ही गोष्ट याहून स्पष्टपणे कोणी सांगावी?

हे विंचवापुरतेच खरे आहे असे नाही. मधुमेही व वृद्ध माणसांस हृदयविकाराचा झटका छातीत फारसे न दुखताही येऊ शकतो. नुसता घाम, दम, अस्वस्थपणा एवढीच त्याची खूण असते. ‘दुखत तर नाही ना, मग काय घाबरायचे’ हे वाक्य अशा वेळी घराघरांतून हद्दपार झाले पाहिजे.

वेदना कमी असणे कसे घातक ठरते, याचे आणखी मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. महारोग म्हणजे कुष्ठरोग. त्याचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. पण रोग्यांची बोटे झडतात ती जंतू मांस खातो म्हणून, ही समजूत पुढेही दीर्घकाळ टिकली. वेल्लोर येथे काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, जंतू मज्जातंतू मारतो, त्यामुळे वेदना जाते. आणि वेदना गेली म्हणजे रक्षक गेला. चुलीवरचे भांडे भाजते ते कळत नाही, काटा रुततो तो कळत नाही. त्याच जखमेवर माणूस दिवसभर चालतो आणि अवयव गमावतो. हा गुण जन्मतःच असलेली माणसेही क्वचित आढळतात. उत्तर पाकिस्तानातील एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवीत असे. निखाऱ्यांवरून चाले, हातात सुरी खुपसून घेई. छपरावरून उडी मारल्याने तो चौदावे वर्ष लागण्यापूर्वीच वारला. त्याच्या नातलगांची तपासणी करून शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले की, विंचवाचे विष ज्या प्रकारची सोडियमची द्वारे उघडी ठेवते, त्यांपैकीच एक द्वार या घराण्यातील काहींत जन्मतःच निकामी होते. वेदनेपासून मुक्ती मागणाऱ्याने काय मागतो आहोत याचा विचार करावा.

कुष्ठरोग्यांसाठी बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहू लागले. त्या भूमीत आमच्या विषयाच्या दोन्ही बाजू एकत्र नांदत होत्या. ज्यांच्या हातापायांतील वेदना गेली होती, पण समाजाने टाकल्याचे दुःख मनात अखंड होते, अशी माणसे तेथे शेती पिकवीत होती. त्यांच्यामध्ये वावरणाऱ्या बाबांना पुढे पाठीच्या कण्याच्या विकाराने असे ग्रासले की बसणे अशक्य झाले. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच उरले. तरीही सत्तरी ओलांडल्यावर, १९८५ च्या अखेरीस, त्यांनी तरुणांना बरोबर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. स्वतः वाहनातील बिछान्यावर पडून. त्यांची वेदना खोटी नव्हती, आणि ती नाहीशीही झाली नव्हती. पण जगण्यास अर्थ होता, सोबत माणसे होती; म्हणून वेदना त्यांच्या आयुष्याची धनीण होऊ शकली नाही. मनाचे सामर्थ्य म्हणावयाचे ते हे. मन वेदना पुसत नाही. वेदनेला किती जागा द्यावयाची ते ठरवण्यास मदत करते.

आता दुसऱ्या अनर्थाकडे वळतो. हा आपल्या घरांत अधिक घडतो, आणि त्याचा भार बहुधा स्त्रियांवर पडतो. सून म्हणते, कंबर दुखते. क्ष-किरणात काही निघत नाही. मग घरात एक शब्द उच्चारला जातो: ‘नाटक’. किंवा थोडा सभ्य शब्द: ‘मनाचे खेळ’. बंधुभगिनींनो, वरचे सारे विवेचन ऐकल्यावर हा शब्द आपल्याला उच्चारता येईल काय? वेदना मनाशी निगडित आहे याचा अर्थ ती खोटी आहे असा होत नाही. किंबहुना मनावाचून कोणाचीच वेदना असत नाही, सासूचीही नाही आणि सासऱ्याचीही नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना स्पष्ट नोंदवले की, वेदना हा नेहमी ज्याचा त्याचा अनुभव असतो, आणि जो माणूस दुखते म्हणतो त्याच्या म्हणण्याचा आदर राखावा.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या दुखण्यास डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. अशा दुखण्यात मूळ इजा भरून आली तरी मज्जातंतू आणि मेंदू जागेच राहतात. चोर निघून गेल्यावरही राखणदार रात्रभर हाकारे घालीत राहावा, तसे. अपुरी झोप, कर्जाची चिंता, घरातील भांडण, कोणी विचारपूस न करणे यांनी तो राखणदार आणखी बिथरतो. येथे दुकानातून रोज आणून घेतलेली वेदनाशामक गोळी हे उत्तर नव्हे; डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून महिनोन्महिने घेतलेल्या अशा गोळ्यांनी जठरास व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. साध्या कंबरदुखीत अंथरूण धरून राहणेही हिताचे नसते. झेपेल तितके हालणे, सांगितलेला व्यायाम, पुरेशी झोप आणि कामाची वाटणी यांनी पुष्कळ फरक पडतो. हळदीच्या दिवसांत वाकून वेचणीचे काम एकाच बाईकडे दिवसभर न ठेवता आलटून पालटून दिले, तर हा उपचार घरबसल्या होतो आणि त्यास पैसाही लागत नाही. मात्र कंबरदुखीबरोबर पायातील शक्ती जाऊ लागली, जांघेत बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला, ताप येऊ लागला किंवा वजन घटू लागले, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

प्रसूतीच्या कळांविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. बाळंतिणीजवळ धीर देणारी सोबतीण अखेरपर्यंत असली तर वेदनाशामक औषध कमी लागते आणि प्रसूती नैसर्गिक रीतीने पार पडण्याचा संभव वाढतो, असे अनेक देशांतील प्रयोगांत दिसून आले आहे. केंद्र शासनाने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत अशी सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली आहे. आपल्या लेकीसुनांस हा हक्क मिळवून देणे आपल्या हाती आहे.

आणि शेवटच्या आजारातील वेदना. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात तळमळणाऱ्या माणसास ‘भोग आहेत, भोगून संपवावे’ असे सांगण्याचा प्रघात आहे. सोसण्याची आम्ही निंदा करीत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी सोसले म्हणून आपण येथे आहोत. पण ज्यावर औषध आहे ते सोसावयास लावणे हा धर्म नव्हे. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती अवेदना हे अशा रोग्यांचे आश्रयस्थान सुरू झाले; ‘अवेदना’ हे नावच त्याचे ध्येय सांगते. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन हे औषध रोग्यांस मिळणे फार कठीण झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट बरीच मोकळी झाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने रोगी व्यसनी होईल, या भीतीने त्यास तळमळत ठेवू नये. त्याच्या उशाशी बसून त्याचा हात हाती धरणे हेही औषधच आहे. एकास दुसऱ्याची जागा घेता येत नाही, दोन्ही हवीत.

आता मंडळापुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. एक, विंचू वा साप चावल्यास रोग्यास वेळ न दवडता कुरुंद्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वसमतच्या सरकारी रुग्णालयात पोहोचवावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मंत्र टाकणाऱ्या माणसाशी भांडण्याचे कारण नाही. त्याला गाडीत सोबत घ्या, तो वाटेत धीर देईल. पण गाडी थांबवू नका. घाम, ओकारी, गार हातपाय ही तीन लक्षणे घरातील प्रत्येक मुलास पाठ असावीत. दोन, मंडळाच्या महिला शाखेने वर्षातून एक दिवस केवळ दुखण्यांविषयी बोलण्यासाठी ठेवावा. त्या दिवशी डॉक्टरांनी बोलावे कमी आणि ऐकावे अधिक. तीन, ज्या घरात कोणी दीर्घकाळ अंथरुणास खिळले आहे, तेथे मंडळाच्या सभासदांनी पाळीपाळीने जावे. ज्ञाति ही लग्न आणि तेरावे यांपुरतीच उरली असेल, तर तिचे संमेलन कशास हवे? ज्याला दुखते त्याच्याकडे जाऊन ‘कोठे दुखते, कसे दुखते’ एवढे विचारणारे माणूस ज्ञातीने पाठवले, तर ज्ञाति या शब्दास काही अर्थ राहील.